वजन काही किलो वाढून पुन्हा थांबते, बारवरचा भारही हलत नाही: कारण कसे शोधावे

व्यायामशाळेत नेमाने जाणाऱ्या सडपातळ तरुणांची एक तक्रार ठरलेली असते. सुरुवातीचे दोन-तीन महिने वजन वाढते, बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून बार वर ढकलणे) आणि स्क्वॅट (खांद्यांवर बार घेऊन मारलेली बैठक) यांचा भार जवळपास दर आठवड्याला पुढे सरकतो, आणि मग दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात. थोडे अधिक खाल्ले, ट्रेनरकडून नवे वेळापत्रक घेतले किंवा एखादी पावडर आणली की काही आठवडे फरक दिसतो. त्यानंतर वजनकाटा आणि बार दोन्ही पुन्हा अडतात. घरची माणसे म्हणतात की याच्या अंगी काही लागतच नाही, आणि तो मुलगाही हळूहळू ते खरे मानू लागतो.

हा अडथळा वारंवार येतो, कारण शरीर बदललेले असते आणि आहार-व्यायामाचा हिशेब मात्र जुन्याच शरीराचा चालू असतो. ५८ किलोच्या शरीराला वाढवणारे जेवण ६३ किलोच्या शरीराला जेमतेम टिकवून धरते. ज्या सेटांनी (सेट म्हणजे न थांबता केलेली आवर्तनांची एक फेरी) बेंच प्रेस ३० किलोंवरून ४५ किलोंवर नेला, तेच सेट ४५ च्या पुढे नेण्यास अपुरे पडतात. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर सगळेच एकदम बदलण्याऐवजी नेमकी कोणती बाजू कमी पडते आहे ते आधी ओळखावे आणि तेवढीच दुरुस्त करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तीन गोष्टी एकाच सोमवारी बदलल्या, तर फरक पडला तरी तो कशाने पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

तीन आकडे

निदानासाठी वजन, कमरेचा घेर आणि दोन-तीन मुख्य व्यायामांतील भार एवढ्या तीन नोंदी पुरेशा आहेत. वजन सकाळी शौचानंतर, काहीही खाण्यापिण्यापूर्वी पाहावे आणि एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आठवड्याची सरासरी काढावी. रात्री खारट आणि भरपेट जेवण झाले, की दुसऱ्या दिवशी काटा सहज किलोभर वर जातो. स्नायूंमध्ये साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, म्हणून जेवण वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात दिसणारी मोठी वाढ ही बहुतांशी पाणी आणि पोटातले अन्न असते. ती पुढे तशीच चालू राहिली नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ योग्य मानली जाते. ६० किलोच्या माणसासाठी ती १५० ते ३०० ग्रॅम होते. घाईने याच्या दुप्पट वाढवणाऱ्यांच्या अंगावर बहुधा चरबीच अधिक चढते.

आता या तीन आकड्यांची सांगड घालून पाहावी. वजन स्थिर आहे पण भार वाढतो आहे, असे सुरुवातीच्या काळात नेहमी घडते, कारण नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावामुळे वाढते. शरीर असलेले स्नायू अधिक चांगले वापरायला शिकते, पण नवे स्नायू घडवायला लागणारी जादा सामग्री त्याला अजून मिळालेली नसते. तेथे व्यायामाला हात न लावता जेवण वाढवावे. याउलट वजन आणि कंबर दोन्ही वाढत आहेत आणि भार तेथेच आहे, तर अन्नाचा तुटवडा नाही. दोष व्यायामात किंवा झोपेत आहे. तिन्ही आकडे थांबले असतील तर आधी आहार पाहावा, कारण माझ्या पाहण्यात या प्रकारातील बहुतेक थांबे तेथेच सुटतात. भार वाढतो आहे, वजन हळूहळू चढते आहे आणि कंबर जवळपास तेवढीच आहे, तर काहीही बदलू नये. हे सांगण्याची गरज अशासाठी, की पुष्कळ जण नेमके याच टप्प्यावर कंटाळून वेळापत्रक बदलतात.

ताटाचा हिशेब

उदाहरण म्हणून ५८ किलो वजनाचा, पुण्यात मेसवर जेवणारा शाकाहारी विद्यार्थी घेऊ. स्नायू वाढवण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे त्याला साधारण ९३ ग्रॅम हवीत. आता त्याचे ताट पाहू. सकाळच्या पोह्यांतून शेंगदाण्यांसह चार-पाच ग्रॅम मिळतात. दुपारच्या चार चपात्यांतून बारा, आमटीच्या वाटीतून पाच, भातातून चार आणि भाजीतून दोन, असे मिळून तेवीस ग्रॅम होतात. संध्याकाळचा चहा आणि बिस्किटे दोन-तीन ग्रॅम देतात, आणि रात्री दुपारचेच जेवण पुन्हा. बेरीज ५५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सामान्य प्रौढासाठी सुचवलेल्या किलोमागे ०.८३ ग्रॅमच्या मापाने हे जेवण पुरेसे आहे, आणि म्हणूनच तो मुलगा आजारी पडत नाही, थकत नाही. पण स्नायू वाढवण्यासाठी त्याला रोज जवळपास चाळीस ग्रॅम कमी पडतात, आणि पोट दोन्ही वेळा भरलेले असल्यामुळे ही तूट त्याच्या लक्षातच येत नाही.

सर्वांत मोठी फसगत आमटीत होते. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, परंतु वाटीभर पातळ आमटीत डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम, बाकीचे पाणी. म्हणून वाट्या मोजण्याऐवजी एक आठवडा घरात छोटा वजनकाटा ठेवून कच्चे धान्य, डाळ आणि शेंगदाणे खरोखर किती ग्रॅम पोटात जातात ते पाहावे. आयुष्यभर तोलून जेवण्याची गरज नाही; एका आठवड्यात नजर तयार होते.

ही चाळीस ग्रॅमची तूट शाकाहारी ताटात भरून काढणे अवघड नाही. सोया चंक्समध्ये शंभर ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या चंक्समधून २६ ग्रॅम मिळतात. दिलेल्या पैशाच्या मानाने एवढी प्रथिने देणारा दुसरा पदार्थ किराणा दुकानात क्वचितच सापडेल, आणि तरीही मुले पहिल्यांदा प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याकडे वळतात याचे मला वाईट वाटते. सुरुवात पंचवीस ग्रॅमने करावी, गरम पाण्यात भिजवून ते पाणी घट्ट पिळून टाकावे, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो. अर्धा लिटर गाईच्या दुधातून १६ ग्रॅम आणि ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण १० ग्रॅम मिळतात. या तिन्हींची मिळून सातशेच्या आसपास कॅलरी होते. त्यांना जागा करण्यासाठी संध्याकाळची बिस्किटे आणि फरसाण काढून टाकले, की प्रत्यक्ष भर तीनशे ते पाचशे कॅलरींची राहते, आणि वाढीसाठी तेवढीच हवी असते. सोया चालत नसेल त्याने ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, घट्ट पिठले आणि पनीर यांची जुळणी करावी. पनीरमध्ये शंभर ग्रॅमला अठराच्या आसपास प्रथिने असतात. अंडी खाणाऱ्याचे काम आणखी सोपे आहे, कारण प्रत्येक अंडे सहा ग्रॅम देते. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना ताजा बांगडा आणि सुकट सहज मिळतात, त्यांनी डब्याचा विचारही करण्याचे कारण नाही.

शेंगदाण्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ते प्रथिनांसाठी खाल्ले जातात, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनांसोबत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. म्हणजे ते मुख्यतः ऊर्जेचा साठा आहेत. ज्याचे वजन हलत नाही त्याच्यासाठी हा गुण आहे, आणि ज्याची कंबर वाढते आहे त्याने याच कारणासाठी हात आखडता घ्यावा. डाळ आणि धान्य एकत्र खाण्याची आपली पद्धत येथे उपयोगी पडते, कारण प्रथिनांचे जे घटक शरीराला अन्नातूनच मिळवावे लागतात त्यांपैकी धान्यात कमी असलेले लायसिन कडधान्यातून मिळते आणि कडधान्यात कमी असलेले मेथिओनिन धान्यातून. ती जोडी एकाच घासात हवी असे नाही, दिवसभरात झाली तरी चालते. मात्र सगळी प्रथिने रात्रीच्या ताटात न कोंबता तीन-चार वेळा वीस ते तीस ग्रॅम पडतील असे पाहावे.

प्रथिने पूर्ण आहेत आणि तरीही वजन स्थिर आहे, तर कॅलरी कमी पडत आहेत. येथे भूक आड येते. भाकरी, कोशिंबीर, पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्ये ही सर्व तंतुमय असल्यामुळे पोट लवकर भरवतात. वाढीच्या काळात त्यांपैकी काही भाग तसाच ठेवून एका भाकरीऐवजी भात घ्यावा, त्यावर चमचाभर तूप घालावे, आणि दोन जेवणांच्या मध्ये दूध, केळी आणि शेंगदाण्याचे कूट एकत्र फिरवून प्यावे. प्यायलेली ऊर्जा चावून खाल्लेल्या ऊर्जेइतकी तृप्ती देत नाही, आणि येथे तेच हवे असते. दूध पचत नसेल तर दही घ्यावे. ताकात पाणी बरेच असल्यामुळे ते दुधाची जागा घेऊ शकत नाही.

‘कितीही खाल्ले तरी लागत नाही’ या तक्रारीत तथ्य असू शकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सर्वांचे जादा खाणे सारखेच असूनही कुणाची चरबी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढली, तर कुणाची चार किलोंहून अधिक. ज्यांची कमी वाढली त्यांचे शरीर नकळत अधिक हालचाल करू लागले होते: उठणे-बसणे, येरझारा, चुळबुळ. अशा प्रकृतीच्या माणसाला तीनशे कॅलरींची भर पुरत नाही, कारण तिचा बराचसा भाग त्याचे शरीर दिवसभरात खर्चून टाकते. उपाय सरळ आहे: दोन आठवडे सरासरी हलली नाही तर रोजच्या खाण्यात आणखी दीडशे-दोनशे कॅलरी घालाव्यात, पुन्हा दोन आठवडे थांबावे, आणि काटा हलेपर्यंत हेच करावे. जो रोज लोकलने उभ्याने प्रवास करतो, रविवारी दिवसभर क्रिकेट खेळतो आणि संध्याकाळी चालायलाही जातो, त्याने तो सगळा खर्च जमेस धरावा.

उपवासाचे दिवसही हिशेबात घ्यावे लागतात. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि मार्गशीर्षातले गुरुवार धरले तर एखाद्या महिन्यात असे चार-सहा दिवस सहज येतात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीतले जे काही असते ते दाण्याच्या कुटाचे. उपवास सोडावा असे मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवशी दूध, दही, पनीर, राजगिरा आणि अधिकचे शेंगदाणे यांवर भर द्यावा, आणि जमल्यास जड व्यायाम आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावा.

बारवरचा भार का हलत नाही

व्यायामातील दोष शोधण्यापूर्वी नोंद खरी आहे का ते पाहावे. आपल्याकडे बेंच प्रेसच्या शेवटच्या तीन-चार रेपना (रेप म्हणजे एक आवर्तन) जोडीदार बारला हात लावतो आणि ‘तूच मारलास’ म्हणून उत्तेजन देतो. त्यामागे जिव्हाळा असतो, पण वहीत लिहिलेल्या आठ रेपपैकी पाचच आपले असतात. पुढच्या आठवड्यात भार वाढवला की खरी ताकद उघडी पडते आणि ‘अडलो’ असे वाटते. स्पॉटर, म्हणजे बारजवळ मदतीला उभा राहणारा जोडीदार, सुरक्षिततेसाठी हवाच, परंतु त्याचा हात लागलेला रेप मोजू नये. स्क्वॅटमध्ये हेच खोलीबाबत घडते. भार वाढत जातो तसतशी बैठक उथळ होत जाते, आणि वहीतली प्रगती गुडघ्यांच्या कोनातून चोरलेली असते. महिन्यातून एकदा बाजूने व्हिडिओ काढून खोली तपासावी. व्यायामशाळा बदलली असल्यास बारचे वजनही विचारून घ्यावे, कारण पूर्ण लांबीचा ऑलिंपिक बार २० किलोंचा असतो, तर अनेक ठिकाणचे साधे बार त्याहून बरेच हलके असतात.

दुसरे कारण प्लेटांचे आहे. बहुतेक ठिकाणी सर्वांत लहान प्लेट अडीच किलोंची असते, म्हणून दोन्ही बाजूंना मिळून एकदम पाच किलो वाढतात. १०० किलोंच्या डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून उभे राहणे) ही पाच टक्क्यांची पायरी आहे, परंतु ३० किलोंच्या शोल्डर प्रेसला (बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणे) ती सतरा टक्क्यांची होते, आणि ती सहसा कुणाला एका आठवड्यात चढता येत नाही. स्वतःच्या सव्वा किलोच्या दोन प्लेट पिशवीत ठेवाव्यात. ते शक्य नसेल तर भार न वाढवता रेप वाढवावेत: तीन सेट, प्रत्येकी सहा ते दहा रेपच्या मर्यादेत, तिन्ही सेटांत दहा पूर्ण झाले की मगच पाच किलो चढवावेत आणि पुन्हा सहापासून सुरुवात करावी. मुलींना ही अडचण अधिक जाणवते, कारण त्यांचे सुरुवातीचे भार कमी असतात आणि पायरी तेवढीच उंच असते.

तिसरी गोष्ट आठवड्याच्या मांडणीची. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, अशी एका स्नायूला आठवड्यातून एकच दिवस देणारी पद्धत आपल्याकडे रूढ आहे. आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील तर विभागणीमुळे स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. पण एकाच दिवशी छातीचे पंधरा सेट करणाऱ्याचे शेवटचे सहा-सात सेट थकलेल्या हातांनी आणि कमी भाराने होतात, आणि एक सोमवार चुकला की मधली पोकळी पंधरा दिवसांची होते. तेच काम सोमवार आणि गुरुवार असे वाटून घेतले तर प्रत्येक सेट चांगल्या दर्जाचा होतो, आणि स्क्वॅट किंवा बेंच प्रेससारख्या कौशल्याच्या व्यायामांचा सरावही दुप्पट वेळा होतो. एका स्नायुगटाला आठवड्यात दहा ते पंधरा जड सेट बहुतेकांना पुरतात. जड म्हणजे सेट संपताना आणखी एक ते तीन रेपच शिल्लक राहतील असे. पाच-सहा रेप शिल्लक असताना बार ठेवणाऱ्याने कितीही सेट केले तरी शरीराला वाढण्याचे फारसे कारण मिळत नाही.

विश्रांती पुरेशी न घेणे हा दोष गर्दीच्या वेळी फार दिसतो. मागे कुणीतरी उभे असते, म्हणून मिनिटभरात पुढचा सेट सुरू केला जातो. स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस आणि रो (वाकून बार पोटाकडे ओढणे) यांसाठी दोन ते तीन मिनिटे घ्यावीत. एका मिनिटाच्या तुलनेत तीन मिनिटे थांबणाऱ्यांची ताकद आणि स्नायू दोन्ही अधिक वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. घाम कमी येतो म्हणून व्यायाम कमी झाला असे समजू नये.

तालमीत किंवा घरी जोर-बैठका करणाऱ्यांचा थांबा निराळा असतो. पाचापासून तिसापर्यंत कितीही रेपचा सेट, तो थकव्याच्या जवळ नेला तर, स्नायू वाढवू शकतो. त्यापुढे मात्र शंभर बैठकांच्या दोनशे केल्याने दम वाढतो, मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही. तेथे संख्या न वाढवता पाठीवर भार घ्यावा किंवा एका पायावरच्या बैठका कराव्यात. ज्याला मुख्यतः ताकदच हवी आहे त्याने आपल्या कमाल भाराच्या ऐंशी टक्क्यांच्या वर, तीन ते सहा रेपचे सेट नियमित ठेवावेत, कारण जड भार उचलण्याचे कौशल्य जड भारानेच येते.

एवढे सगळे नीट असूनही दोन-तीन आठवडे रेप कमी होत चालले, सांधे कुरकुरू लागले आणि व्यायामाची इच्छा मंदावली, तर थकवा साचला आहे असे समजावे. एक आठवडा सेट निम्मे करावेत, भार थोडा उतरवावा, जेवण मात्र तसेच ठेवावे. झोप सात तासांहून कमी होत असेल तर ही स्थिती दर महिन्याला परत येईल, आणि तिच्यावर दुसरा इलाज नाही.

डबे, तपासण्या आणि खंड

वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘मास गेनर’ डब्यांत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्वस्त कर्बोदकेच मोठ्या प्रमाणात असतात. ती ऊर्जा भात आणि केळी देतात. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांची पावडर, हे सोयीचे अन्न आहे, औषध नव्हे, आणि ताट पूर्ण असेल तर ते लागत नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना जोराच्या कामात ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ) मात्र रोज तीन ते पाच ग्रॅम घेण्यासारखे आहे, विशेषतः शाकाहारी व्यक्तीने, कारण मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. ते सुरू केल्यावर रक्ततपासणीत मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारा क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंडे निरोगी असतानाही किंचित वर दिसू शकतो, म्हणून आपण ते घेतो हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने प्रथिने आणि क्रिएटिन दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वाढवू नयेत. आणि व्यायामशाळेत कुणी ‘एक कोर्स कर’ म्हणून इंजेक्शन सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. स्टिरॉइड शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पाडते, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना ही किंमत कुणी समजावून सांगत नाही याचा मला संताप येतो.

जेवण मोजून वाढवले आणि तरीही वजन उतरत असेल, किंवा संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला, अति तहान, छातीत धडधड अशी लक्षणे असतील, तर हा प्रश्न ताटाचा राहत नाही. क्षयरोग, मधुमेह आणि थायरॉइडची अतिक्रियाशीलता यांची तपासणी आधी करून घ्यावी. सतत थकवा असणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची पातळीही पाहावी. दोन्हींची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते.

परीक्षा, दिवाळी, गावची जत्रा किंवा आजारपण यांमुळे दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला, तर पहिल्याच दिवशी जुना भार लावण्याचा आग्रह धरू नये. तापानंतर भूक आणि झोप पूर्ववत होईपर्यंत थांबावे, मग जुन्या भाराच्या साधारण ऐंशी टक्क्यांवर, नेहमीपेक्षा कमी सेटांनी सुरुवात करावी आणि दर आठवड्याला वर जावे. एकदा कमावलेले स्नायू पहिल्या वेळेपेक्षा लवकर परततात, त्यामुळे काही आठवड्यांत जुना आकडा गाठला जातो. तो गाठल्यावर आणि त्यानंतर वजन तीन-चार किलोंनी वाढेल तेव्हा, प्रथिनांचा हिशेब नव्या वजनाने मांडावा: ५८ किलोंना ९३ ग्रॅम पुरत होती, ६४ किलोंना १०२ लागतील, आणि रोजच्या कॅलरीही त्याच मापाने वर न्याव्या लागतील.